पान दोनशे बारावरचं उत्तर

३ मार्च

बाबा,

‘तीर्थरूप’ लिहिणार नाही. ख्यालीखुशालीही विचारणार नाही, ती दादाकडून न विचारता कळते. बावीस वर्षांत हे माझं तुम्हाला पहिलं पत्र, आणि तेही कामाचं आहे. काम झालं की आपण पुन्हा होतो तिथे जाऊ.

तुमच्या पुस्तकाचं पान दोनशे बारा उघडा. सोडवलेलं उदाहरण. दोन ट्रान्झिस्टर, एकावर एक. खालचा सिग्नल मोठा करतो, आणि वरचा साध्या रेझिस्टरच्या जागी लोड म्हणून बसवलाय. करंट एक मिलिअँपिअर. खालच्याचा आउटपुट रेझिस्टन्स शंभर किलोओहम, वरच्याचा पन्नास. व्होल्टेज गेन काढा, म्हणजे आत टाकलेला सिग्नल बाहेर किती पट होऊन येतो ते सांगा. तुम्ही खालचे शंभर तेवढे घेतलेत आणि दुहेरी रेघ मारून उत्तर दिलंत : अडतीसशे सेहेचाळीस. वरच्याचे पन्नास गणितात आहेत, उत्तरात नाहीत. ते दोन्ही समांतर धरायला हवेत. मिळून तेहतीस उरतात आणि गेन येतो बाराशे ब्याऐंशी. सहा आवृत्त्या झाल्या, तुमचे पन्नास किलोओहम अजून बेपत्ता आहेत.

आता काम सांगते. मी जिथे नोकरी करते तिथे सभागृहांचे, शाळांचे अॅम्प्लिफायर बनतात. आमच्याकडे ट्रान्सफॉर्मरची वेटोळी भरणारी एक बाई आहे. सगळे तिला वायंडरबाई म्हणतात. वय एकोणचाळीस, घरी दोन मुलं. केसापेक्षा बारीक तार सतरा वर्षं डोळ्यांपुढे धरून तिची नजर गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलंय, हे काम सोडा, नाहीतर दिसायचं बंद होईल. टेस्टिंगच्या टेबलावरचे मास्तर ३१ मार्चला निवृत्त होतायत. ती जागा तिला मिळू शकते, पण तिथे डिप्लोमा लागतो. कामावरून सुटल्यावर क्लास करून ती त्याच्या परीक्षेला बसली. हा तिचा तिसरा आणि नियमाप्रमाणे शेवटचा प्रयत्न होता.

चार गुणांनी नापास झाली. प्रश्न सातवा, गुण सहा. तुमचंच उदाहरण, आकड्यांसकट उचललेलं. तिने बाराशे ब्याऐंशी लिहिलं, म्हणून शून्य. मी परीक्षा मंडळाच्या खिडकीवर जाऊन भांडले. कारकून म्हणाला, “बाई, नेमलेलं पुस्तक आहे. पुस्तकात जे आहे ते आहे. लेखकाने लिहून दिलं तर बघू.” हरकतीची शेवटची तारीख ३० मार्च.

तुमची एक ओळ पुरे. ‘पान २१२ वरचं उत्तर चुकलं आहे, बरोबर उत्तर १२८२.’ खाली सही. एवढंच मागतेय.

आसन क्रमांक ४१७
(आठवत असेलच.)


१० मार्च

बाबा,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. ‘प्राथमिक पातळीवर लोड आदर्श मानण्याची पद्धत आहे. पुस्तक परीक्षार्थींसाठी आहे, कारखान्यासाठी नव्हे. प्रकृती जपावी.’

प्रकृती जपावी! कुणी? मी की वायंडरबाईने? तिची प्रकृती जपायचीच तर हा सगळा खटाटोप चाललाय ना?

आणि ‘पद्धत आहे’ म्हणजे काय? लोड आदर्श मानायचा होता तर त्याचे पन्नास किलोओहम छापलेत कशाला, शोभेला? टाकीला दोन भोकं आहेत, एक लहान, एक मोठं. पाणी किती टिकेल हे सांगताना तुम्ही लहान भोक मोजलंत आणि मोठं ‘आदर्श’ म्हणून सोडून दिलंत. गळती तर वरच्याचीच जास्त आहे. हे दुसऱ्या वर्षाच्या मुलाला कळतं, आणि तुम्हाला कळत नाही असं मी मरेपर्यंत मानणार नाही. नाकाने कांदे सोलायचे आणि चूक दाखवली की ‘पद्धत’ म्हणायचं!

पद्धतीचंच निघालंय तर आपल्या लॅबची पद्धत सांगते, तुम्ही विसरला असाल तर. आधी पान दोनशे बारा उघडायचं. उत्तर बघायचं. मग जर्नलमध्ये उलट्या बाजूने रीडिंग भरायची : आत एक मिलिव्होल्ट, बाहेर ३.८ व्होल्ट. खरं वाटावं म्हणून मध्ये एक ३.७, एक ३.९. जोडणी केली काय, न केली काय, मीटर लावला काय, न लावला काय. वर्षानुवर्षं सगळ्यांची जर्नलं एकसारखी, आणि कुणी शंका काढली तर तीच जर्नलं पुरावा म्हणून पुढे. पुस्तक जर्नलाला साक्षीदार, जर्नल पुस्तकाला साक्षीदार. चोर चोर मावसभाऊ म्हणतात ते हेच.

मी मोजलं होतं. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत, आसन क्रमांक ४१७, टेबल क्रमांक नऊ. तीनदा जोडणी सोडून पुन्हा जोडली. १.२४, १.२५, १.२४. मीटर स्वतःही थोडं खातो, म्हणून १.२८ च्या जरा खाली. मला वाटलं होतं, परीक्षक बाबा आहेत, बघून खूश होतील! तुम्ही पान बघितलंत. बराच वेळ बघितलंत, मी उभीच होते. मग तांबड्या पेन्सिलीने लिहिलंत, ‘निरीक्षणे सदोष. अनुत्तीर्ण.’ घरी आई तुमच्याशी भांडली तेव्हा तुम्ही म्हणालात, “परीक्षकाला मुलगी नसते.” आई ताटावरून उठली. मी दुसऱ्या दिवशी घरातून उठले.

ते जाऊ दे. माझं मी बघून घेतलं. दुरुस्तीच्या दुकानात सोल्डरचे डाग द्यायला शिकले, आज चौदा माणसं माझ्या हाताखाली आहेत. पण आता ही बाई तुमच्या त्याच पानावर आपटलीय आणि तिला वीस वर्षं नाहीत, वीस दिवस आहेत. ओळ पाठवा.


१६ मार्च

बाबा,

तुमच्याकडून काही नाही. दादाचा मात्र फोन आला.

“अगं, एक्क्याऐंशी वर्षांचे आहेत ते. कशाला जुनं उकरतेस?”

मी म्हटलं, “जुनं कुठे? सहावी आवृत्ती गेल्याच वर्षी निघालीय.”

“सातवी येतेय जूनमध्ये. मंडळाच्या यादीतून पुस्तक गेलं तर त्यांच्याकडे राहतं काय? सकाळी उठून प्रुफं वाचतात, तेवढंच त्यांचं जगणं आहे.”

“मग प्रुफातच दुरुस्त करा की!”

“तुला नाही कळायचं,” असं म्हणाला. दादाला ट्रान्झिस्टरला पाय किती असतात ते सांगता येत नाही, पण मला काय कळायचं नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मी म्हटलं, बाबांचा हात थरथरत असेल तर तू लिही, त्यांची नुसती सही घे. त्याने फोन ठेवून दिला. मूग गिळून बसणं आपल्याकडे वडिलोपार्जित आहे.

आज वायंडरबाई जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आली. उत्तरपत्रिकेची झेरॉक्स तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलीय, रोज आणते. “ताई, ते लेखकसाहेब काही बोलले का?”

मी म्हटलं, वयस्कर आहेत, वेळ लागेल.

“वयस्कर आहेत म्हणजे समजूतदार असतील,” ती म्हणाली. मला हसायला आलं नाही.

तुम्ही माझे कोण हे तिला माहीत नाही. पुस्तकावर तुमचं आडनाव आहे, माझं लग्नानंतरचं. सांगायची गरज पडली नाही.

तिने पुस्तकातलं सोडून बाराशे ब्याऐंशी का लिहिलं, असं तुम्ही विचाराल. खरं आहे म्हणून लिहिलं. दुसरं काही नाही.

चौदा दिवस राहिलेत.


२१ मार्च

बाबा,

मागच्या पत्रात शेवटी ‘दुसरं काही नाही’ लिहिलं ते खोटं आहे. पाच दिवस डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितेय. तुम्हाला चिमटे काढता काढता माझ्याच हाताला रक्त आलंय.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी ती माझ्याकडे आली होती. पान दोनशे बारावर अडली होती. मी सर्किट जोडून दिलं, तिने स्वतः मोजलं, १.२४ आलं. चष्मा वर करून मला म्हणाली, “ताई, पुस्तक अडतीसशे म्हणतंय. हेच आलं परीक्षेत तर काय लिहू?”

मला ठाऊक होतं. उत्तरं तुमच्या पुस्तकावरून तपासतात हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? कुठलाही शहाणा माणूस म्हणाला असता, बाई, परीक्षेत पुस्तकातलं लिही, पास हो, आणि टेबलावर बसलीस की खरं मोज. किमान एवढं तरी सांगायला हवं होतं की खरं लिहिलंस तर शून्य मिळेल. मी म्हटलं, “मोजलंस ते लिही.” आणि वर हसले. काय बरं वाटलं मला ते म्हणताना! तुम्हाला सुनावल्यासारखं वाटलं.

आज तिला सगळं सांगितलं. तुम्ही कोण, मी कोण, टेबल क्रमांक नऊ, सगळं. वाटलं होतं रडेल. रडली नाही. हातातली पिशवी माझ्या टेबलावर ठेवली.

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं, मी नापास होणार.”

मी म्हटलं, चूक झाली माझी.

“चूक नाही ताई. चूक नकळत होते. तुमच्या बापलेकीच्या भांडणात माझा पेपर कशाला घातलात? तुमचे डोळे चांगले आहेत. तुम्ही एकदा नापास झालात तर साहेब झालात. मी नापास झाले तर आंधळी होईन.”

“तुला खरं सांगावं असं वाटलं मला,” मी म्हटलं.

“अर्धंच सांगितलंत. दुसरं अर्धं पण सांगायचं होतं, मग मी ठरवलं असतं काय लिहायचं ते. मला कळतं तेवढं.”

सगळं खातं ऐकत होतं. तिचा आवाज चढला नाही, माझाच चढला, तोही स्वतःची बाजू मांडताना. मग ऐकून घेतलं. माझा संताप तुमच्यावर अजून आहे, रतीभर कमी झालेला नाही, पण आता तो एकट्या तुमच्यावर नाही.

तेव्हा माझ्यासाठी लिहू नका. माझं नाव मधून काढून टाका. त्या बाईशी माझा व्यवहार खोटा होता, तिचं उत्तर खोटं नाही. नऊ दिवस आहेत.


२८ मार्च

बाबा,

लखोटा काल आला. मंडळाला लिहिलेलं पत्र उघडंच ठेवलंत, म्हणून वाचलं. तुमचं अक्षर ओळखू आलं नाही. प्रत्येक ओळ खाली घसरलीय.

‘माझ्या पुस्तकाच्या पान २१२ वरील उत्तर चुकीचे आहे. बरोबर उत्तर १२८२. हे मला पहिली आवृत्ती निघाली त्या महिन्यापासून माहीत आहे.’

शेवटचं वाक्य मी मागितलं नव्हतं.

आणि माझ्या नावाची ती चिठ्ठी. ‘पुस्तक छापून आल्यावर आठ दिवसांनी मी स्वतः जोडणी केली. १.२५ आले. पुढल्या आवृत्तीत बदलू म्हणून ठेवले. पुढल्या आवृत्तीपर्यंत मुलांच्या दोन तुकड्या ते उत्तर लिहून पास झाल्या होत्या, मग बदलवेना. तुझे पान पाहिले आणि लगेच कळले की अख्ख्या वर्गात मोजलेस ते तू एकटीने.’

बाबा, हे वाचून मी खुर्चीवरून उठले आणि कारखान्याच्या मागच्या गल्लीत जाऊन मोठ्याने ओरडले. रिकामे खोके उचलणारा माणूस घाबरून बघत राहिला. बावीस वर्षं मी समजत होते की तुम्ही चुकलात. कडक आहात, हट्टी आहात, शिस्तीपुढे मुलगी दिसली नाही. ते परवडलं असतं हो मला! तुम्हाला माहीत होतं. तुम्ही माझं पान हातात धरून उभे होता, तेव्हा तुम्हाला माहीत होतं की मी बरोबर आहे. आणि तांबडी पेन्सिल काढलीत. माफ करतेय असं समजू नका. करत नाहीये.

वायंडरबाईला पत्र दाखवलं. ती आता माझ्याशी कामापुरतंच बोलते, पण हे तिचंच होतं. तिने कागद नाकाशी धरून दोनदा वाचला.

“पहिल्या दोन ओळी माझ्या आहेत,” ती म्हणाली. “तिसरी तुमची आहे. मंडळाला तिचं काय काम?”

मी म्हटलं, “एकाच कागदावर आहे.”

“मग तुमचं तुम्ही ठरवा. पण तारीख चुकवू नका.”

दादाचा फोन वाजतोय. उचलत नाहीये. तिसऱ्या वाक्याने काय होईल हे त्याच्याइतकंच मलाही कळतं. पुस्तक यादीतून जाईल. नुसतं चुकलं म्हणालात तर शुद्धिपत्र लागून राहील, माहीत होतं म्हणालात तर राहणार नाही. परत पाठवून नवं मागवायला वेळ नाही. हे तुम्ही मुद्दाम केलंत की हात चालत होता म्हणून लिहून गेलात?


१९ एप्रिल

बाबा,

तीस तारखेला मी तो कागद खिडकीवर दिला. तोच कारकून होता. त्याने वाचला, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मनाने वाईट माणूस नाही तो. आवाज खाली आणून म्हणाला, “बाई, पहिल्या दोन ओळींवर काम होतंय. तिसरीवर पट्टी ठेवून झेरॉक्स काढतो, ती जोडू. म्हाताऱ्याला उगाच कशाला अडकवायचं?”

झेरॉक्सचं मशीन त्याच्या पाठीमागेच होतं. मी त्या मशीनकडे बघत राहिले. मागची रांग कुरकुरायला लागली.

मग म्हटलं, “जसं आहे तसं घ्या. त्यांनी लिहिलंय ते.”

हे तुमचा मान राखायला म्हटलं की तुम्हाला पाडायला, ते मला विचारू नका. मी घरी येऊन स्वतःला विचारलं. दोन्ही असेल. शिक्का मारून पोच घेतली आणि बाहेर पायरीवर बसले.

निकाल काल लागला. मंडळाने थोर न्याय केलाय : दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण! अडतीसशे सेहेचाळीसही बरोबर आणि बाराशे ब्याऐंशीही बरोबर. सर्किटला आता मंडळाकडे विचारायला जावं लागेल की साहेब, आज किती पट करू? मी खिडकीवर पुन्हा भांडायला निघाले होते. वायंडरबाईने हात धरून थांबवलं. गेल्या महिन्यात तिने मला हात लावला तो तेवढाच. “बास करा,” म्हणाली. “मी दोन गुणांनी पास झालेय. तुमच्या खऱ्याखोट्यापायी तेही घालवाल.”

मालकांनी जागा तिच्यासाठी एकोणीस दिवस धरून ठेवली होती. आज ती टेस्टिंगच्या टेबलावर बसली. पहिलाच बोर्ड घेतला, गेन मोजला आणि कमी आला म्हणून परत पाठवला. बोर्ड माझ्या खात्यातला होता. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘पुन्हा करा.’ बरोबरच होतं तिचं. मी पुन्हा करून पाठवला, तेव्हा तिने मान वर न करता घेतला.

तुमचं पुस्तक यादीतून गेलं, हे दादाने कळवलं असेल. त्याने मला ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ म्हटलं. म्हणू दे. मला वाटलं होतं हे ऐकून मला थंडावा मिळेल. मिळाला नाही. प्रुफांविना तुमच्या सकाळी कशा जातात हे मी दादाला विचारलं नाही, आणि मग दिवसभर तेच डोक्यात राहिलं.

ही बाई रोज माझ्यापासून आठ फुटांवर बसते, बाबा. साडेनऊ ते साडेपाच. मी तिच्यासाठी खिडकीजवळचा दिवा बदलून दिला, ती ‘आभार’ म्हणाली. परक्या माणसाला म्हणतात तसं. रोज सकाळी मी ठरवते की आज बोलायचं, आणि तोंड उघडलं की बोर्डाचा नंबर विचारते. माझ्यामुळे तिचं जे नुकसान व्हायचं होतं ते नशिबाने टळलं, माझ्या चांगुलपणाने नाही. हे तिला माहीत आहे, आणि तिला माहीत आहे हे मलाही माहीत आहे.

माझा राग तसाच आहे. टेबल क्रमांक नऊचं मी काही सोडलेलं नाही. पण एक गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारण्यासारखं माझ्या ओळखीत दुसरं कुणी नाही. रविवारी सकाळच्या गाडीने येतेय. दादाला सांगा, जेवायला थांबेन की नाही ते माहीत नाही. आपण जाणूनबुजून ज्याचं वाईट केलं, त्याच्यासमोर रोज बसून पहिलं वाक्य काय बोलायचं? बावीस वर्षांत अशी पुष्कळ वाक्यं तुम्ही लिहून खोडली असतील. त्यातलं एखादं आठवून ठेवा.